समईची बाजू

करंजकोंडात देवी बोलायची ती पाकळ्यांनी. झोलाईच्या काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर सोनबा गुरव तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा, आणि मग सगळी वाडी श्वास रोखून बसायची. उजवी पाकळी आधी गळली की कौल उजवा, म्हणजे होकार. डावी गळली की नकार. लग्न, पेरणी, विहीर, भाऊबंदांचं भांडण, मुंबईला गिरणीत जाणाऱ्या पोरानं कुठल्या दिवशी निघायचं, सगळं त्या दोन पाकळ्यांवर ठरायचं. पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला डोंगराच्या कुशीत चिकटलेली चौदा घरांची वाडी ती, खाली पऱ्या, म्हणजे ओढा, आणि पऱ्यापलीकडं माळ. तिला दुसरं सरकार कोण असणार!

आणि सोनबाच्या हाताला यश होतं हो. त्याच्या बापाच्या काळात डावे कौल फार यायचे, माणसं रडकुंडीला यायची. मग एका साली देवळाचं छप्पर गळायला लागलं, आत थोडी हलवाहलव झाली, आणि तेव्हापासून आई जी प्रसन्न झाली ती झालीच. कौल लावावा आणि उजवा यावा. सोनबाला त्याचा केवढा अभिमान! त्याची एकुलती एक लेक चंद्रभागा, तिलाही महाडच्या हायस्कुलात धाडली ती कौल लावूनच. वाडीचा मानकरी महिपती तेव्हा कुरकुरला होता, "पोरीच्या जातीला कशाला रे हायस्कूल?" पण उजवी पाकळी झटक्यात गळली आणि महिपतीला गप बसावं लागलं. "माझ्या चंदीला आईनं पाठवलीय," हे सोनबा गेली चार वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होता.

एकोणीसशे एकोणसाठच्या आषाढात चंदी मधेच घरी आली. सावित्रीचं पाणी महाडच्या पेठेत शिरलं होतं, शाळा बंद होती. पोलादपूरपर्यंत एस्टीनं आणि पुढं डोंगर चढून पोर आली ती नखशिखांत भिजून, पण मेणकापडात गुंडाळलेलं दप्तर कोरडं ठणठणीत. दप्तरात शास्त्राच्या बाईंची चिठ्ठी होती. मुलीची बुद्धी शास्त्राची आहे, मॅट्रिकनंतर तिला पुण्याला सायन्सला घालावं, राहण्याची सोय मी बघते, असं बाईंनी लिहिलं होतं. चंदीची आई राहीबाई हिला वाचता येत नव्हतं, पण तिनं ती चिठ्ठी दोनदा कपाळाला लावली आणि भाताच्या कणगीवर जपून ठेवली.

"श्रावणात कौल लावू," सोनबा म्हणाला.

चंदीनं बापाकडं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पोर काहीतरी गिळून बसली आहे हे सोनबाला कळलं. पण तो उठून गुरांना वैरण घालायला गेला.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या वरच्या अंगाला गुरं शोधायला गेलेली चंदी पळतच खाली आली. "आबा, वर भेग पडलीय."

"भेगा पडतातच गो जमिनीला."

"उन्हाळ्यात पडतात. पावसात जमीन फुगते, मग भेग मिटायला पाहिजे. ही पावसात उघडलीय."

सोनबा तिच्यामागून चढला. भेग होती खरी. विळ्यासारखी वळलेली, देवळाच्या आणि चौदाही घरांच्या वरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेली. त्यानं वाकून हात घातला तर मनगट आत गेलं आणि बोटांना खाली काहीच लागलं नाही. त्याला उगाचच वाटलं की आतून कुणी बोटं धरील. त्यानं हात चटकन बाहेर काढला आणि धोतराला पुसला.

चंदीनं भेगेच्या अल्याड-पल्याड दोन खुंट्या ठोकल्या. एका खुंटीला दोरी बांधून ती दुसरीपर्यंत ताणली आणि जिथं टेकली तिथं गाठ मारली. मग कंपासपेटीतली पट्टी काढून वहीत आकडा लिहिला. दुसऱ्या सकाळी ती गाठ खुंटीपासून एक बोटभर अलीकडंच राहिली. तिसऱ्या सकाळी दोन बोटं.

आता वाडीत ही गोष्ट लपते होय! ठकू आत्येच्या कानावर गेली. ठकूबाई ही सोनबाची सख्खी आत्या, बालविधवा, सगळा जन्म देवळात काढलेली. देवीची समई विझू द्यायची नाही हा तिचा तीस वर्षांचा नेम. डोळ्यांनी अधू झाली होती, पण तेलाची धार एक थेंब न सांडता बरोबर समईत पडायची. तिनं चार बाया गोळा केल्या, माती-शेण कालवलं आणि भेग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लिंपून टाकली. घराच्या भिंतीला पडली असती तर लिंपली असतीच की, मग आईच्या माथ्यावरची उघडी कशी ठेवायची? जाता जाता खुंट्याही उपटल्या.

"देवीच्या डोक्यावर खुंट्या ठोकतात व्हय गो भवाने?" म्हातारी चंदीला म्हणाली.

लिंपण कसलं सुंदर झालं होतं! हातांच्या बोटांची नक्षी उठलेली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिंपण मधोमध उभं फाटलेलं होतं, तीन बोटं रुंद. चंदीनं पुन्हा खुंट्या ठोकल्या.

त्याच दिवशी देवळाचं दार लागेना. सोनबानं खांद्यानं रेटलं, पायानं रेटलं, पण चौकट तिरकी झाल्यासारखं दार मधेच अडून बसलं. देवळामागच्या झऱ्याचं पाणी काचेसारखं असायचं, ते ताकासारखं गढूळ येऊ लागलं. पाऊस तर नुसता कोसळत होता. राहीबाई रांधताना मधेच हात थांबवून कान द्यायची. "जमिनीखाली कायतरी कुरकुरतंय गो," म्हणायची आणि मग स्वतःच, "नसंल," म्हणून चुलीत लाकूड सारायची.

चंदी महिपतीच्या ओटीवर गेली. सोनबाही मागून गेला, लेकीला एकटीला कसं पाठवायचं! चंदी म्हणाली, "काका, वरची माती खालच्या कातळापासून सुटलीय. पाणी मधे शिरलंय. ताटातला ओला भात ताट कलतं केल्यावर सरकतो ना, तसा सगळा डोंगर सरकंल. आपण सगळ्यांनी पऱ्या ओलांडून पलीकडच्या माळावर जायला पाहिजे. गोठे आहेत तिथं."

महिपती वाईट माणूस नव्हता, पण चारचौघांत पोरीकडून शिकायचं म्हणजे त्याच्या मिशीला पीळ पडायचा. "आमच्या आज्या-पणज्यांनी हितं पावसाळे काढले, त्यांस्नी कळलं नाय, आणि तुला पट्टीनं कळलं?" तो हसला. मग सोनबाकडं वळला. "तरी तुझी पोर म्हणून ऐकतो. उद्या कौल लाव. ऱ्हायचं का, ते आईला विचार. उजवा आला तर ऱ्हायचं, डावा आला तर निघायचं. झालं!"

सोनबाला बरं वाटलं. आई आहे ना सांगायला! पण घरी येताना चंदी वाटेतच थांबली. तिच्या तोंडावरून पाणी निथळत होतं, ते पावसाचं की डोळ्यांचं ते त्याला कळेना.

"आबा, कौल उजवाच येणार."

"तुला गो काय ठाऊक?"

"समई उजव्या बाजूला असते म्हणून." तिनं एका दमात सांगून टाकलं. "तिच्या धगीनं उजवी पाकळी आधी सुकते. सुकली की सुटते, सुटली की गळते. मी लहानपणापासून बघतेय. चौतीस कौल लिहून ठेवलेत वहीत, त्यातले एकतीस उजवे. आज्याच्या वेळेला समई कुणीकडं असायची, आबा?"

सोनबाला सगळं आठवलं. आज्याच्या वेळेला समई डावीकडं असायची. छप्पर तिथंच गळायला लागलं म्हणून बापानं ती उचलून उजवीकडं ठेवली. तेव्हाच आई प्रसन्न झाली होती.

"गप!" तो ओरडला. आयुष्यात लेकीवर असा कधी ओरडला नव्हता. "आईवर संशय घेतेस? मग तुला हायस्कुलात कुणी गो पाठवलं? आईनंच ना?"

"तुमी पाठवलंत, आबा," चंदी हळूच म्हणाली. "समई कुठंही असती तरी तुमी पाठवलंच असतं."

त्याला रागही आला आणि भरूनही आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडी जमायच्या आधी सोनबा देवळात गेला. ठकू आत्या फुलं आणायला मागं गेली होती. त्यानं समई उचलली. तीस वर्षांत तिथल्या दगडावर तेलाचं काळं कडं पडलं होतं, ते उघडं पडलं तेव्हा त्याला ओशाळल्यासारखं झालं. समई डावीकडं ठेवताना ज्योत फडफडली. "आई, माफ कर," तो म्हणाला. "खोटं तुझ्यासंगं करत नाय. लेकराबाळांसाठी करतोय."

पाकळ्या लागल्या. गाऱ्हाणं झालं. आणि काय सांगावं, चंदी म्हणाली होती तस्संच! डावी पाकळी कडेनं वळली, सुटली आणि टपकन खाली आली. बायांनी तोंडाला पदर लावले. महिपतीचा चेहरा उतरला, पण शब्दाचा पक्का माणूस, त्यानं तिथंच उठून सांगितलं, "चला. आईचा हुकूम."

सोनबा मात्र खाली पडलेल्या पाकळीकडं बघतच राहिला. आजवर गळलेल्या सगळ्या पाकळ्या त्याच्या डोळ्यांपुढून गेल्या. कुणाचं लग्न मोडलं होतं, कुणी जमीन सोडली होती, आणि तो ताठ मानेनं सांगत आला होता की आई बोलली.

गुरंढोरं, कणग्या, तान्ही पोरं घेऊन एकसष्ट माणसं पऱ्या ओलांडून माळावरच्या गोठ्यांत गेली. पहिला दिवस गेला. दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी, काय दुर्दैव बघा, पाऊस उघडला! लख्ख ऊन पडलं. समोर करंजकोंड न्हाऊन-माखून बसल्यासारखं हिरवंगार दिसायला लागलं. गोठ्यांत माणसं गोचिडांनी हैराण झालेली, पोरं खोकत होती, चुली पेटत नव्हत्या. चंदी रोज सकाळी एकटी वर जाऊन दोरी बघून यायची. "पाऊस थांबलाय तरी वाढतेच आहे. आज चार बोटं," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही.

"आईचा राग शांत झालेला दिसतोय," महिपती म्हणाला. "पुन्हा कौल लाव सोनबा. परत जायचं का, ते विचार."

पहिल्या कौलानंतर परत जागेवर नेलेली समई वाडी देवळात जमायच्या आत सोनबानं या वेळीही डावीकडं ठेवली. पण ठकू आत्या या वेळी फुलांना गेली नव्हती, ती खांबाला टेकून बसली होती. गाऱ्हाणं संपलं तशी म्हातारी चाचपडत पुढं आली, तेलाची धार धरली, आणि धार दगडावर पडली.

"अग बया! समई कुठं गेली?" तिनं हातानं शोधली. "तरीच! तरीच गेल्या खेपेला डावा आला! समई जागा सोडून ठेवली कुणी रे मेल्यांनो? आई रुसायची नाय तर काय!" आणि तिनं ती दोन्ही हातांनी उचलून जुन्या काळ्या कड्यावर नेऊन ठेवली.

तिला अडवायला सोनबा अर्धा उठला, पण सगळी वाडी बघत होती. उजवी पाकळी सुकत गेली आणि गळली. "उजवा! उजवा!" बाया आनंदानं रडायला लागल्या.

"थांबा!" सोनबा उठला. "मागल्या खेपेला समई मीच हलवली. आई बोलत नाय रे, धग बोलती. जिकडं समई तिकडची पाकळी गळती. पाहिजे तर करून दावतो. चंदी खरं सांगती, हितं परत येऊ नगा!"

मग महिपती सावकाश म्हणाला, "म्हंजे आईचा पयला कौल खोटा. तुझ्या हातचा. तुझ्या पोरीपायी तू साठ माणसं चिखलात लोळवलीस."

"दादा, तसं नाय..."

"आणि आज समई जाग्यावर हाय, तर कौल उजवा. म्हंजे आजचा खरा." त्यानं सोनबाच्या खांद्यावरचा मानाचा शेला ओढून घेतला. "आजपासून तू आईला शिवायचं नाय."

खरं बोलून माणूस इतका खोटा पडतो हे सोनबाला त्या दिवशी कळलं. संध्याकाळच्या आत वाडी परत वर गेली, ठकू आत्यासुद्धा. माळावर उरली तीनच माणसं, सोनबा, राहीबाई आणि चंदी. राहीबाई गोठ्याच्या दारात बसून समोरच्या घरांतून निघणारा धूर बघत होती. "मानबी गेला आणि माणसंबी," ती म्हणाली. सोनबा लेकीच्या नजरेला नजर देईना.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाऊस असा धरला की समोरची वाडी पुसून गेली. दुपार व्हायला आली होती. राहीबाई हंडा घेऊन पऱ्यावर गेली आणि रिकामा हंडा घेऊनच परत आली.

"पऱ्याला पाणी नाय," ती म्हणाली.

"खुळी झालीस काय? एवढा पाऊस पडतोय!"

"चला, बघा."

तिघं धावली. खरंच नव्हतं. वर आभाळ फाटलेलं आणि पऱ्याचे दगड उघडे पडलेले. डबक्यात मासे तडफडत होते. पाण्याचा तो रात्रंदिवसाचा आवाज बंद झाल्यामुळं सगळीकडं भयाण शांत वाटत होतं.

"वर माती खाली उतरलीय," चंदी म्हणाली. "तिनं पाणी अडवलंय. आता मागनं पाणी साठंल आणि ते सगळं घेऊन खाली येईल. आबा, आता वेळ नाही. घटकाभरसुद्धा नाही."

"मी सांगतो जाऊन."

"तुमचं ऐकतील?"

नाही ऐकणार. लबाड ठरलेल्या गुरवाचं कोण ऐकतो! मग सोनबाला शिमगा आठवला. शिमग्यात देवीची चांदीची रुपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसून देवळाबाहेर निघायची. आणि रुपं उंबऱ्याबाहेर पडली, ढोल वाजला, की वाडीत एकाही माणसानं घरात राहायचं नाही, असा दंडक होता. बाळंतीण असो, तापानं फणफणलेला म्हातारा असो, घोंगडीत घालून बाहेर आणायचा आणि रुपांच्या मागं चालवायचा. शिमगा सोडून रुपं हलवली तर काय होतं, ते कुणी सांगत नव्हतं, कारण ते कुणी कधी केलंच नव्हतं.

तो कोरड्या पऱ्यातून पलीकडं गेला आणि उभा चढ चढला. देवळात ठकू आत्या एकटीच होती. त्यानं रुपं फडक्यात बांधून डोक्यावर घेतली, खांबाला टांगलेला ढोल गळ्यात अडकवला आणि उंबऱ्यावर उभं राहून जीव खाऊन बडवायला लागला.

महिपती उघडाबोडका धावत आला. हातात काठी. "हरामखोरा! आईला हात लावलास? चोरून न्हेतोस?"

सोनबा वाजवत वाजवत उताराला लागला. महिपती मागं, त्याच्या मागं चार गडी. आणि तेवढ्यात देवळाच्या दारातून ठकू आत्या अशी काही ओरडली की डोंगरानं ऐकलं असेल. "आई निघाली! अगो, आई निघाली! निघा घरातनं! कोण ऱ्हाऊ नगा!"

म्हातारीचा शब्द तो! घरंच्या घरं ओस पडली. चुलीवरचा भात चुलीवर, दाव्याची गुरं दाव्याला. बाया पोरांना काखोटीला मारून धावल्या. महिपतीच्या पांगळ्या भावाला दोघांनी घोंगडीत उचलला. सोनबानं मागं वळून पाहिलं, तेव्हा ठकू आत्या अजून देवळाच्या दारात उभी होती. खाली वाकून तिनं विचारलं, "सोनबा, रुपं न्हेलीस, मागं समई एकलीच ऱ्हायली. ती रं कुठल्या बाजूला ठेवू?"

"कुठंबी ठेव गो आत्ये! तू ये!"

"आलेच. तेल घालते नि आलेच." आणि ती आत वळली.

मागं जावं की पुढं? डोक्यावर रुपं होती आणि मागं सगळी वाडी होती. तो थांबला असता तर सगळी थांबली असती. सोनबा थांबला नाही. ढोल बडवत तो पऱ्यात उतरला, पलीकडं चढला, माळावर पोचला, आणि महिपतीची पहिली काठी त्याच्या पाठीत बसली. दुसरी उगारली ती तशीच वर राहिली.

आधी वास आला, ताज्या खणलेल्या मातीचा. मग वरची झाडं उभ्या उभ्या चालायला लागली. आवाज नंतर आला, आणि तो कुणालाच नीट सांगता येत नाही. डोळ्यांदेखत चौदा घरं, देऊळ, दावणीची गुरं, सगळं तांबड्या चिखलात शिरलं. लोट पऱ्यात उतरून माळाच्या कडेपर्यंत आला आणि तिथं फुत्कारत बसला. मग पुन्हा नुसता पावसाचा आवाज.

चंदी माणसं मोजत होती. एकदा मोजली, पुन्हा मोजली. साठच भरली.

सोनबा गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मी तिला हात धरून आणायला पायजे होतं," एवढंच तो म्हणत राहिला.

आता तुम्हाला वाटेल, वाडीला चंदीची बुद्धी पटली असेल. पटली की! पण कशी पटली ते ऐका. तिसऱ्या दिवशी गोठ्याच्या दारात महिपती आला, मागं सगळी वाडी. महिपतीनं शेला परत सोनबाच्या खांद्यावर घातला, आणि वाकून चंदीच्या पायांवर डोकं ठेवलं. बायांनी तिच्या कपाळाला हळद-कुंकवाचा मळवट भरला, पुढं नारळ ठेवला.

"पोरीच्या अंगात आई बोलली," महिपती हात जोडून म्हणाला. "आमी खुळे, आमाला कळलं नाय. आता ती हितनं कुठं जायाची नाय. तिला देवळात बसवू. नवी वाडी बसंल ती तिच्या शब्दानं."

"माझ्या अंगात कोणी नाही हो!" चंदी रडायला लागली. "मी मोजलं फक्त. दोरीनं मोजलं. कुणालाही येईल, मी शिकवते." पण तिचे हुंदके बघून बायांना वाटलं की वारं आलं, आणि त्या जास्तच नमस्कार करायला लागल्या. चंदी भिंतीला चिकटून आईकडं बघत होती. डोंगर येताना घाबरली नव्हती एवढी ती आता घाबरली होती, आणि सोनबाला ते दिसलं.

"कौल लावू," तो म्हणाला. "पोर हितंच ठेवायची का, ते विचारू."

चंदीनं चमकून बापाकडं पाहिलं.

गोठ्यात पाट मांडून त्यावर रुपं ठेवली होती. सोनबानं दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या. राहीबाईनं शेजारच्या वाडीतून उसनी आणलेली समई पेटवून त्याच्या हातात दिली. तो ती घेऊन उभा राहिला, आणि त्याला म्हातारीचा प्रश्न ऐकू आला. कुठल्या बाजूला ठेवू? त्याचे डोळे भरून आले.

त्यानं समई पाटासमोर बरोबर मध्यावर ठेवली, आणि चांगली चार हात दूर. "मधी ठेवली गो आत्ये," तो मोठ्यानं म्हणाला.

वाडी बसून राहिली. बाहेर पाऊस, आत दमट हवा. घटका गेली, दोन घटका गेल्या. दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथं ओल्याच राहिल्या. कुणी खाकरलं, कुणाचं पोर झोपलं. शेवटी महिपतीला राहवेना. "सोनबा, आई काय म्हणती?"

"आई काय म्हणत नाय," सोनबा म्हणाला. "आई गप हाय. आता बाप बोलतो."

तो उठला. लेकीच्या कपाळावरचा मळवट त्यानं आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसला, अगदी हळू, लहानपणी तिचं नाक पुसायचा तसा.

"चंदे, दुसरी दोरी घे, दोन खुंट्या कर नि तुझ्या आईकडं दे. कशा बघायच्या ते तिला दाखव. आणि दप्तर उचल," तो म्हणाला. "पोलादपुराची वाट लांब हाय, एस्टी चुकंल."